वरची पायरी जुनी, तर तिच्यातले कण ताजे काहून?

रेतीतली_रेवा

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून एक प्रश्न डोक्यात अडकून बसला आहे, म्हणून सविस्तर लिहून राहिली. लांबलं तर समजून घ्या.

नागपूरजवळच्या कामठीच्या वरच्या अंगाला कन्हान नदीच्या काठी माझ्या मामाचं गाव आहे. तिथं नदीच्या एका काठाला तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. घाटाच्या पायऱ्या नाही म्हणत, नदीनं सोडून दिलेल्या सपाट जमिनी, टेरेस. सगळ्यात खालची मोठ्या पुरात बुडते, मधलीवर कापूस-तूर, आणि वरचीवर गाव. नदी आपलं पात्र खोल करत जाते आणि तिचं आधीचं पूरमैदान उंचावर कोरडं राहून जातं, म्हणून वरची जुनी नि खालची नवी, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. यंदा वाटलं की नुसतं उंची पाहून बोलण्यापेक्षा रेतीच्या कणांवरून दाखवता येतं का ते पाहू.

कल्पना साधी आहे. कन्हानच्या रेतीत हॉर्नब्लेंड या खनिजाचे हिरवट काळे कण असतात. रेती एका जागी पडून राहिली, तिच्यावर माती तयार झाली, दर पावसाळ्यात पाणी झिरपत राहिलं की हे कण टोकाकडून खाल्ले जातात. खनिज ज्या दिशेनं सहज फुटतं त्याच दिशेनं पाणी आत शिरतं, म्हणून टोक गोल न होता कोंबड्याच्या तुऱ्यासारखं दातेरी होतं. जितका काळ जमिनीत तितके दात खोल. तेव्हा तिन्ही पायऱ्यांचे नमुने घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली दातेरी कण मोजायचे, की क्रम लागला पाहिजे.

पण खालच्या पायरीत दातेरी कण क्वचित (बरोबर), मधलीत भरपूर (हेही बरोबर), आणि वरचीत मधलीपेक्षा कमी! कडा अगदी धारदार, जणू काल फुटलेले. तीन वेळा स्लाइड बनवली, तेच. वरची पायरी नवी आहे असं म्हणायला मन धजत नाही आणि कण खोटं बोलतात असंही म्हणवत नाही. माझं कुठं चुकून राहिलं?

तर्रीपोहे

वरच्या पायरीवर गाव आहे म्हणता ना ताई, गावातल्या हवेनं तब्येत चांगली राहिली असेल तिची. मी वाचून राहिलो, चालू द्या. हा विषय इथं कोणी काढेल असं वाटलं नव्हतं.

भाऊ_सिताबर्डी

रेवाताई, धागा काढल्याबद्दल आधी धन्यवाद. आयुष्यभर हातोडा घेऊन हिंडलो, आता गुडघे बोलतात म्हणून घरी बसून असतो, पण असा प्रश्न वाचला की उठून बसावंसं वाटतं.

उत्तर द्यायच्या आधी मला चार गोष्टी सांगा. नमुना जमिनीपासून किती खोलीवरून घेतला, तिन्ही ठिकाणी एकच खोली होती का? चाळणीचा कोणता भाग पाहिला? जड खनिजं वेगळी कशी केली? आणि आजच्या पात्रातली रेती पाहिली का? ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. डोंगरातला कुजका दगड, आपला मुरूम, नदीत येतो तेव्हा त्यातले कण आधीच खाल्लेले असतात. ते वारशानं आलेलं विदारण. आजच्या पात्रात दहात एक कण दातेरी असेल तर तो शून्याचा दगड धरून पुढचं मोजायचं. एक बरं आहे की असे नाजूक दात नदीच्या आपटाआपटीत बरेचसे मोडून जातात, म्हणून तर ही पद्धत मुळात चालते.

नवखी_१९

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. हॉर्नब्लेंडच का? रेतीत तर सगळ्यात जास्त क्वार्ट्झ असतं ना?

भाऊ_सिताबर्डी

@नवखी_१९ बेटा, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, तिच्यावर एवढ्या काळात फारसा परिणामच दिसत नाही. ज्या घड्याळाचा काटा हलत नाही ते काय कामाचं. गोल्डिच नावाच्या माणसानं १९३८ मध्ये खनिजांची उतरंड मांडली. ऑलिव्हिन सगळ्यात आधी जातं, मग पायरॉक्सीन, मग हॉर्नब्लेंड, मग काळा अभ्रक, दुसऱ्या बाजूनं कॅल्शियमवाला फेल्डस्पार आधी नि सोडियमवाला नंतर, पुढं पोटॅशवाला फेल्डस्पार, पांढरा अभ्रक आणि शेवटी क्वार्ट्झ. लाव्ह्यातून जे सगळ्यात जास्त तापमानाला तयार होतं ते जमिनीवर सगळ्यात लवकर कुजतं, ढोबळ नियम हा असा आहे. हॉर्नब्लेंड मधल्या जागेवर आहे. लगेच संपत नाही आणि जागचं हलत नाही असंही नाही, म्हणून हजारो वर्षांच्या हिशेबाला सोयीचं. शिवाय कन्हानला दोन्हीकडचा माल येतो, वरच्या ट्रॅपमधून, म्हणजे काळ्या बेसाल्टमधून, ऑगाइट हे पायरॉक्सीन आणि पूर्वेकडच्या जुन्या पट्टिताश्मातून, म्हणजे नाइसमधून, हॉर्नब्लेंड नि गार्नेट. नागपूरकरानं या बाबतीत स्वतःला नशीबवान समजावं, शहराच्या पश्चिमेला काळा दगड नि पूर्वेला नाइस, दोन्ही सायकलनं गाठता येतात.

उमरेडचा_वावरवाला

मले तुमचं हॉर्नब्लेंड समजत नाही पण पायऱ्या समजतात. आमच्याकडं बुढे लोक वावराचे नावच तसे घेत. खाली नदीकाठची मळई, दरसाल नवा गाळ. वर मोरंड, मग खरडी, मग बरडी. विहीर खणाले घेतली की कोन्ती जमीन जुनी ते कुदळच सांगते. मळईत हात-दीड हात खोल गेलं तरी एकच माती, अन् वरच्या जमिनीत खाली चुनखडीचे गोटे लागतात, कुदळ खणकन वाजते. ताई, तुमच्या वरच्या पायरीत चुनखडी लागली का? लागली असन तर ते नवी जमीन नोहे, लिहून ठेवा.

रेतीतली_रेवा

@भाऊ_सिताबर्डी काका, चाळणीचा ६३ ते २५० मायक्रॉनचा भाग घेतला. जड खनिजं ब्रोमोफॉर्म या जड द्रवानं काढली, कॉलेजच्या जुन्या बाटलीत होतं, खिडक्या उघड्या ठेवून केलं. पात्रातली रेती पाहिली नाही, हे कबूल.

खोलीचं विचारलं आणि मी लिहिता लिहिता थांबली. खालच्या आणि मधल्या पायरीत मी स्वतः खड्डे खणले, दोन्हीकडं साधारण अर्ध्या मीटरवरून नमुना घेतला. वरचीवर घरं नि अंगणं, खड्डा कुठं खणू, म्हणून रस्त्यासाठी कापलेली दरड होती तिच्यातून घेतला. अडीच मीटर खाली. मला वाटलं खालचा म्हणजे न ढवळलेला, शुद्ध नमुना.

@उमरेडचा_वावरवाला दादा, हो! दरडीत चुनखडीच्या गाठी आहेत, माझ्या नमुन्याच्या जागेच्या वरच. मी त्या टाळून खालची रेती घेतली.

उमरेडचा_वावरवाला

मंग सापडलं ना तुमचं चोट्ट.

काळीमाती

वावरवाले दादा, दोन ओळींत पकडलं तुम्ही. मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते, माझ्या बाजूनं थोडं सविस्तर सांगते.

कणांचं खाल्लं जाणं सगळ्या खोलीवर सारखं नसतं. वरचे पाच-पन्नास सेंटिमीटर दर पावसात भिजतात, मुळं असतात, मुळांच्या श्वासानं मातीतलं पाणी थोडं आम्लधर्मी होतं, तिथं खनिज जोरात खाल्लं जातं. खाली खाली हा वेग कमी होतो. आपल्याकडं हजार-अकराशे मिलीमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, नंतर सगळं वाळतं. वरून विरघळलेला चुना जिथपर्यंत पाणी पोहोचतं तिथं साठतो आणि त्याच्या गाठी होतात. म्हणजे चुनखडीचा थर हा एका अर्थानं पाणी कुठवर जातं त्याची खूण आहे. त्याच्या खाली पाणी कमी, जे पोहोचतं ते चुन्यानं भरलेलं, सामू आठच्या वर. तिथं हॉर्नब्लेंड आरामात बसून असतं, त्याच्या वयाचा तिथं काही पुरावाच लागत नाही. तुम्ही वरच्या पायरीचा तोच भाग घेतला जिथं घड्याळ बंद होतं.

म्हणून एकाच खोलीचे नमुने तुलनेला घ्यायचे. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक खड्ड्यात वरून खाली चार-पाच नमुने घ्यायचे, आणि दात कसे कमी होत जातात त्याचा उतार काढायचा. तो उतार दिसला म्हणजे दात इथंच, या जमिनीत पडले. वरपासून खालपर्यंत सारखेच दातेरी निघाले तर समजायचं की कण डोंगरातूनच तसे आले.

पण एक गोष्ट मला तुमच्या मधल्या पायरीची विचारायची आहे. कापूस-तूर म्हणालात, म्हणजे काळी आहे का? उन्हाळ्यात भेगा किती पडतात?

रेतीतली_रेवा

काळीच आहे ताई. मे महिन्यात हात जातो भेगेत.

काळीमाती

मग तो खड्डा फार विश्वासाचा नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्यानं फुगते नि वाळल्यावर आक्रसते. भेगेतून वरची माती खाली पडते, पावसात खालचा भाग फुगून वर नि बाजूला ढकलला जातो. खड्ड्याच्या भिंतीवर चकचकीत, तिरपे घासलेले पापुद्रे दिसले असतील, ते त्याचेच. अशी जमीन स्वतःच स्वतःची मशागत करते. त्यामुळं वरचे खाल्लेले कण खाली जातात, खालचे ताजे वर येतात, आणि खोलीचा उतार पुसून जातो. एका खोलीचा आकडा तिथं कशाचाच नीट राहत नाही.

मुठेकाठी

मी पुण्याचा, पण शिक्षण नागपुरात झालं म्हणून लिहितो. राग मानू नका, पण २०व्या शतकातली ही खटाटोप आता कशाला? प्रकाशदीप्तीनं कालमापन करा. क्वार्ट्झच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते थेट कळतं, अंधारात नळी ठोकून नमुना घ्यायचा, लाख-दीड लाख वर्षांपर्यंत चालतं. वर्षांचा आकडा हातात येतो. दात मोजून काय मिळणार, हा जुना तो नवा एवढंच. आमच्याकडं कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीची राख सापडली, तिच्या वयावरून केवढा वाद झाला. कुणी ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या, सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची म्हणतं, कुणी तिला कित्येक लाख वर्षं मागं नेतं. त्या वादात कणांचे दात मोजून कुणाचं समाधान झालं असतं?

तर्रीपोहे

बोरीला राख? बुटीबोरीच्या कारखान्यांची तर नाही ना, ती तर आमच्या गच्चीवर पण सापडते.

मुठेकाठी

जुन्नर तालुक्यातली बोरी हो, पुणे जिल्हा.

भाऊ_सिताबर्डी

@मुठेकाठी तुमचं अर्धं पटलं. वर्षांचा आकडा हवा तर ती पद्धत लागतेच, कणांच्या दातांतून वर्षं निघत नाहीत आणि कोणी काढत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. पण त्या एका नमुन्याला किती पैसे नि किती महिने लागतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि नमुना कुठून घ्यायचा हे आधी कळलं पाहिजे. तीन पायऱ्यांपैकी कुठल्या दोन खरोखर वेगळ्या आहेत, कुठली एकच पायरी नाल्यानं कापून दोन झाली आहे, हे सगळं स्वस्तात घरच्या घरी आधी लावून घ्यायचं. १९५६ मध्ये रूह यांनी अमेरिकेत आयोवातल्या जमिनींवर नेमकं हेच केलं, खनिजांची गुणोत्तरं काढून जमिनींचा जुना-नवा क्रम लावला. आपल्याकडं कित्येक काठांवर एकही नमुना मापायला गेलेला नाही. तिथं क्रम लागला तरी मोठी गोष्ट आहे.

तोबाची राख आपल्या विदर्भातही आहे बरं का, पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळात. ती जिथं सापडते तिथं मात्र सगळे वाद मिटवून टाकते, तिच्या वरचं नंतरचं, खालचं आधीचं.

मुठेकाठी

मान्य. क्रम आधी, आकडा नंतर. पण क्रमासाठी सुद्धा एका लक्षणावर अवलंबून राहू नये एवढं माझं म्हणणं आहेच. मातीचा रंग, चिकणमातीचं प्रमाण, चुनखडीच्या गाठींची वाढ, बेसाल्टच्या गोट्यांवर बाहेरून चढलेली कुजकी साल, चारही सोबत बघा. साल तर साध्या कॅलिपरनं मोजता येते. गोटा फोडायचा नि पिवळसर कडा मोजायची. नदीत घासताना जुनी साल निघून जाते, त्यामुळं ती बरीचशी तिथंच पडून चढलेली असते.

मोजणीदार

ताई, किती कण मोजले?

रेतीतली_रेवा

प्रत्येक स्लाइडचे १००.

मोजणीदार

कमी आहेत. हिशेब बघा. समजा एका पायरीत शंभरात २२ दातेरी निघाले आणि दुसरीत ३०. फरक ८ चा दिसतो. पण शंभर-शंभर कण उचलताना नुसत्या योगायोगानं १२ पर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे तो ८ काहीच सांगत नाही. तेच तुम्ही ५००-५०० मोजले तर योगायोगाचा फरक साडेपाचपर्यंत खाली येतो, मग ८ ला अर्थ आला. तुमच्या निकालात फरक मोठा असेल तर १०० नी भागेल, पण मधली नि वरची यांच्यासारखी जवळची जोडी असेल तर नाही.

दुसरं, स्लाइड कुठल्या पायरीची आहे हे मोजताना तुम्हाला दिसतं का? दिसत असेल तर कोणाला तरी चिठ्ठ्या बदलायला सांगा. दातेरी म्हणायचं का नाही अशा काठावरच्या कणाला आपण नकळत हवं तिकडं ढकलतो. मी भूशास्त्रातला नाही, कापसाच्या गाठींची प्रत तपासणाऱ्या ठिकाणी होतो, तिथं हे रोज पाहिलं.

नवखी_१९

दातेरी हो की नाही असंच मोजायचं का? मधले पण असतील ना.

भाऊ_सिताबर्डी

चांगला प्रश्न. पाच पायऱ्या करतात, आता ह्या पायऱ्या नदीच्या नाहीत: न खाल्लेला, कडा खराब झालेला, खाचा पडलेला, खोल खाचांचा, आणि सांगाडा राहिलेला. प्रत्येकाचा एक एक नमुना फोटो भिंतीवर लावून ठेवायचा आणि मोजताना मान वर करून पाहत राहायचं, नाहीतर सकाळचा खोल दुपारी उथळ होऊन जातो.

आणि रेवाताई, खोलीवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका. आणखी एक सापळा आहे, माझा स्वतःचा पाय त्यात अडकला होता. फार जुन्या जमिनीत जे कण जास्त खाल्ले गेले ते संपून जातात. पूर्ण विरघळतात. मग मोजणीला कोण उरतं? जे काही कारणानं वाचले ते, चिकणमातीच्या गोळ्यात दडलेले, किंवा अजून दगडाच्या तुकड्यात अडकलेले. ते दिसायला ताजे. गावात सगळे म्हातारे वारल्यावर कोणी येऊन म्हणावं की इथं सगळे तरुणच आहेत, तसं. म्हणून दात मोजायच्या सोबत हॉर्नब्लेंड एकूण किती उरलं तेही मोजा. झिरकॉन आणि टूर्मलिन ही खनिजं जवळपास कुजतच नाहीत. त्यांची बेरीज वर, हॉर्नब्लेंड नि पायरॉक्सीनची बेरीज खाली, हा भागाकार काढा. जमीन जुनी होत जाते तसा तो वाढतो. फक्त चाळणीचा भाग सगळीकडं एकच ठेवा, झिरकॉन जड असल्यामुळं बारीक कणांत जास्त साठतो, चाळणी बदलली की भागाकार वयाशिवायच बदलतो.

पांढरीचा_पाटील

उशिरा आलो. वरच्या पायरीवर गाव आहे म्हणालात, तिथं नमुना घेताना एक जपा. जुन्या गावाखालची माती बहुतेक वेळा पांढरी असते, म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती, चुली. तिला नदीचा गाळ समजून लोक फसतात. खापराचा एक तुकडा जरी थरात निघाला तरी तो थर त्या खापराच्या नंतरचा, मग नदी तिथं काहीही म्हणो. आपल्या भागात हे फार आहे, अडम, पवनी, कुठंही नदीकाठची उंच जागा दिसली की तिथं माणूस आधी जाऊन बसलेला.

आणि नागपूरच्या दगडमातीची गोष्ट निघाली तर हिस्लॉप साहेबांचं नाव घ्यायलाच हवं. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून आले, हंटर यांच्यासोबत नागपूरच्या आसपासचं भूशास्त्र नि जीवाश्म यावर १८५५ साली लेख लिहिला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडं परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. ही बोरी मात्र आपलीच. ज्या माणसानं आपल्या मातीला पहिल्यांदा नीट पाहिलं त्याला इथल्याच ओढ्यानं नेलं, टाकळघाटकडून जाताना दर वेळी आठवतं.

तर्रीपोहे

पाटील, हे माहीत नव्हतं. हिस्लॉप कॉलेजवरून रोज जातो, नाव कोणाचं ते आज कळलं.

उमरेडचा_वावरवाला

ताई, पात्रातली रेती आणाले जाल तं सांभाळून जा. रेती उपसून उपसून डोह पडले आहेत जागोजागी, वरून पाणी सपाट दिसते अन् पाय टाकला की माणूस गेला. मामाले संग घ्या.

काळीमाती

दादांचं ऐका. आणि त्यात आणखी एक खोच आहे. आजच्या पात्रातली रेती म्हणजे जुन्या नदीचीच रेती असं धरता येत नाही. पेंचवर तोतलाडोहचं धरण झालं, खाली नवेगाव खैरीचं, त्यामुळं पेंचचा वरचा माल अडतो. कामठीच्या थोडं वर कन्हान, पेंच नि कोलार मिळाल्यावर जी रेती तयार व्हायची तिची सरमिसळ आता वेगळी असणार. तुमचं गाव त्या संगमाच्याही वर असेल तर वाचलात, तरी गावाच्या वरच्या अंगाची, संगमापासून लांबची रेती घ्या.

रेतीतली_रेवा

सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवून घेतलं. परीक्षा संपल्या की पुन्हा जाते. कापसाच्या गाठींवाल्या दादांची चिठ्ठ्यांची कल्पना आमच्या लॅबच्या मदतनीस मावशींना सांगितली, त्या तयार आहेत.

*(दोन महिन्यांनी)*

रेतीतली_रेवा

मंडळी, आली. धागा खाली गेला होता, वर आणते.

यावेळी वरच्या पायरीवर गावाच्या बाहेर, देवळामागच्या पडीक जागेत खड्डा घेतला. मामांनी नि त्यांच्या दोन पोरांनी खणला. पाटील दादा, एकही खापर नाही, राख नाही, गोटे आणि लालसर रेताड माती. दर ३० सेंटिमीटरला नमुना, दीड मीटरपर्यंत, आणि जुन्या दरडीचा अडीच मीटरवाला पुन्हा. मधलीत दोन खड्डे, एक काळीत आणि एक कडेला, जिथं माती हलकी आहे नि भेगा कमी पडतात. पात्रातली रेती वरच्या अंगाची. प्रत्येकी ५०० कण, जिथं तेवढे सापडले तिथं. चिठ्ठ्या मावशींनी बदलल्या आणि यादी त्यांच्या डब्यात कुलपात.

पात्रातल्या रेतीत दातेरी कण आहेत, थोडे, पण आहेत. काकांचं वारशाचं म्हणणं खरं. खालच्या पायरीचा निकाल जवळपास त्याच्याएवढाच, म्हणजे तिथं जमिनीनं अजून काही केलेलंच नाही. मधलीच्या हलक्या मातीत सुंदर उतार मिळाला, वर दात जास्त, खाली जाता जाता कमी, मीटरभर खाली पात्रासारखं. आणि त्याच पायरीच्या काळ्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंत सगळं एकसारखं! काळीमाती ताई, तुम्ही घरी बसून सांगितलं होतं ते भिंतीवरच्या चकचकीत पापुद्र्यांसकट तसंच निघालं. मी त्या पापुद्र्यांवरून हात फिरवत बराच वेळ बसली.

वरच्या पायरीत ६० सेंटिमीटरपर्यंत ऑगाइट जवळपास नाहीच. हॉर्नब्लेंड इतकं कमी की ५०० कण पुरे व्हायला चार स्लाइड लागल्या. जे आहे त्यात सांगाडे भरपूर, आणि मध्येच काही अगदी ताजे कण, काकांचे दडून बसलेले वाचलेले असावेत. झिरकॉन-टूर्मलिनचा भागाकार तिन्हीत सगळ्यात मोठा. अडीच मीटरवर चुनखडीखाली पुन्हा तेच धारदार, हसणारे कण, ज्यांनी मला दिवाळीत फसवलं.

क्रम लागला, वरची, मधली, खालची. मावशींनी डबा उघडून यादी वाचली तेव्हा माझे हात थरथरत होते, खरं सांगते.

उमरेडचा_वावरवाला

वा! अन् कुदळीनं पहिलेच सांगतलं होतं.

काळीमाती

फार छान काम. एकच विनंती, वर्गात सांगताना वरची मधलीपेक्षा इतक्या पट जुनी असं म्हणू नका. वरचीचा वरचा थर लाल, निचऱ्याचा, मधली बरीचशी काळी. खाल्लं जाण्याचा वेगच दोघींचा वेगळा. वरचीत दात जास्त त्याचं काही श्रेय वयाला, काही निचऱ्याला.

मुठेकाठी

अभिनंदन ताई. माझं पहिलं पोस्ट थोडं चढ्या आवाजाचं होतं, ते मागं घेतो. आता तुम्हाला नेमकं माहीत आहे की नळी कुठं ठोकायची, मधलीच्या हलक्या मातीत मीटरभर खाली आणि वरचीत चुनखडीखाली. काळीत ठोकू नका, भेगेतून पडलेला वरचा कण खालच्याचं वय कमी दाखवेल.

भाऊ_सिताबर्डी

रेवाताई, सकाळी वाचलं, दुपारी पुन्हा वाचलं. एक राहिलं. वरच्या पायरीतले गोटे कशाचे आहेत ते लिहिलं नाही तुम्ही. सगळे ट्रॅपचे असतील तर ठीक, पण त्यात नाइसचे नि गारगोटीचे जास्त निघाले तर त्या काळी नदीला माल दुसरीकडून येत होता, आणि ऑगाइट संपलं नसून मुळात आलंच नसेल. शंभर गोटे मोजले तरी पुरे. ट्रॅपचे निघाले तर फोडून साल पण पाहता येईल, माझा कॅलिपर घेऊन येतो. पुढच्या रविवारी मुलाला गाडी काढायला सांगितली आहे. दरडीपर्यंत गाडी जाते का?

रेतीतली_रेवा

काका, देवळापर्यंत जाते, पुढं पन्नास पावलं. मी हात धरते. गोटे नाही मोजले, डोक्यातच आलं नाही. सकाळी सातला निघू, ऊन चढायच्या आत खड्ड्यापाशी पोहोचलो पाहिजे. मामी झुणका-भाकर करतो म्हणाली.

तर्रीपोहे

गोटे मोजता येतात मला. येऊ का?

रेतीतली_रेवा

या ना. हातोडा घेऊन या.